सोलरला दिलेलं रान

आमच्या भागात सोलर या शब्दाचा सूर्याशी फारसा संबंध उरलेला नाही. सूर्याला आम्ही दिवस म्हणतो. दिवस उगवतो, डोक्यावर येतो, कलतो, बुडतो. त्यासाठी कुणाकडं अर्ज करावा लागत नाही. सोलर वेगळं आहे. ते उगवत नाही, मंजूर होतं.

जळकोटच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत आमचं गाव आहे. गावात सोलर पहिल्यांदा आलं ते मारुतीच्या पारासमोर, एका खांबावर. वर काच, तिच्याखाली दिवा आणि पेटीत बॅटरी. वर्ष उलटायच्या आत बॅटरी कुणीतरी नेली. तेव्हापासून 'सोलर गेलं' म्हटलं की आमच्याकडं अंधार झाला असं कुणी समजत नाही, चोरी झाली असं समजतात. खांब अजून उभा आहे. त्याला मी विकायचे बैल बांधतो. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की फोनवर सांगतो, "सोलरपाशी थांबा." माणूस दिवा शोधत गावभर फिरतो आणि थकून येतो. थकलेलं गिऱ्हाईक कमी घासाघीस करतं, हा त्या सोलरचा मला झालेला एकमेव फायदा.

उमरग्याला माझी मुलगी दिली आहे. सोयरीक जमवताना मध्यस्थानं व्याह्यांच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगितल्या, त्यात एक छाती पुढं काढून सांगितली, "घरावर सोलर हाय." दात बघितल्याशिवाय मी बैलाच्या कासऱ्याला हात लावत नाही, पण व्याह्याच्या गच्चीवर चढून बघावं असं काही सुचलं नाही. व्याही रिटायर झालेले मास्तर. त्यांच्या घरी सोलर म्हणजे पाहुण्यांना ताब्यात ठेवण्याचं साधन. थंडीत पाहुणा लवकर उठला की ते म्हणतात, "थांबा जरा, सोलर तापू द्या." ते तापेपर्यंत पाहुण्याची एसटी गेलेली असते. चैत्रात त्याच नळातून चहा करता येईल असं पाणी येतं, तेव्हा गार पाणी मागितलं तर त्यांना अपमान वाटतो.

रानाभोवती झटक्याची तार ओढली की 'सोलर लावलंय बरं का' ही धमकी होते. रानडुकरांना ती कळते, बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला कळत नाही. 'सोलर आलं का?' हा पंपाचा प्रश्न. तो विचारताना आवाज खाली घ्यायचा, कारण समोरच्याचा अर्ज बहुतेक वेळा कुठल्यातरी टेबलावर झोपलेला असतो. लग्नाच्या बोलणीत 'पोरगा सोलरला हाय' म्हणतात. म्हणजे पोराला बूट आहेत, पिवळी टोपी आहे आणि पगार आहे. तो दिवसभर काय करतो, हे विचारायचं नसतं.

माणसालाही हा शब्द लागतो. सकाळी ऊन उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय जो उठत नाही, आभाळ आलं की दिवसभर पडून राहतो आणि दिवस बुडाला की बंद पडतो, त्याला आमच्याकडं 'सोलरवर चालतो' म्हणतात. हा अर्थ गावात पहिल्यांदा वापरला गेला तो माझ्या धाकट्या भावावर, आणि वापरणारा मी होतो. त्यानं त्याची परतफेड कशी केली, ते पुढं येईलच.

हे सगळे अर्थ मी हसत सांगतो. एक सांगताना मात्र अजून डोकं तापतं: 'रान सोलरला दिलं.' मुलगी उमरग्याला दिली म्हणतो ना, तसंच दिलं. पण मुलगी दिली तरी पंचमीला माहेरी येते. रान सोलरला दिलं की ते येत नाही, आणि आपल्यालाही बोलवत नाही. कंपनीशी माझं बाकी काही भांडण नाही. वर्षातला एक दिवस, येळवसेचा, मला माझ्या रानात पाय ठेवायचा आहे आणि माझ्या हातानं रानाला आंबील घालायची आहे. तेवढ्यावरून सगळं सुरू झालं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि रानं भरतात. प्रत्येकाच्या रानात पाच दगड असतात, ते पांडव. त्यांना चुना लावायचा, वर सावलीला कडब्याची कोप करायची, पूजा करायची, रानाभोवती ताकातली आंबील शिंपडत फिरायचं आणि मग मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर पोटभर खायची. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही उपाशी जाऊ द्यायचं नाही. ज्याला रान नाही त्याला आधी हाक मारायची.

मला पूर्वी आधी हाक मारायचे.

वडिलांचं रान नावाला होतं, ते भावाच्या वाटणीत गेलं आणि भावाच्या आळसात संपलं. मी दुसऱ्यांचे बैल बाजारात धरून उभा राहण्यापासून सुरुवात केली. पुढं दोन व्यापाऱ्यांच्या मध्ये टॉवेल धरला. आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलखाली हात घालून बोटं दाबतात, म्हणजे भोवतालच्या माणसांना आकडा कळत नाही. त्या टॉवेलखाली मी जे शिकलो त्यावर घर उभं केलं, मुलीचं लग्न केलं आणि गावाबाहेरचा माळ विकत घेतला. मुरमाड माळ. लोक हसले. तिथं कुसळंसुद्धा विचार करून उगवायची. बायकोनं मात्र पहिल्याच दिवशी त्याच माळावरचे पाच दगड निवडले आणि बोरीच्या झाडाखाली मांडले. त्या वर्षी येळवसेला रस्त्यावर उभं राहून मी लोकांना हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या.

मग कंपनीचा साहेब आला. कोवळा, विदर्भाकडचा, डोक्यावर टोपी आणि हातात मोबाइल. माळ बघून त्याचे डोळे असे चमकले की मी तिथंच भाव वाढवला. ज्याला माल आवडलाय हे लपवता येत नाही, त्यानं बाजारात येऊ नये.

"काका, तुमची अपेक्षा काय आहे?" त्यानं विचारलं.

मी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि हात पुढं केला. त्यानं टॉवेल उचलला, तोंड पुसलं, मान पुसली, "थँक्यू काका" म्हणाला आणि घडी घालून परत दिला. मी इतक्या बाजारात इतक्या माणसांशी सौदा केला, पण असा बिनतोड बचाव कुणी केला नव्हता.

त्यामुळं तोंडानंच बोलावं लागलं. मी काळ्या रानाचा भाव मागितला.

"काका, ही तर मुरमाड जमीन आहे."

"ऊन किती पडतंय बघा की. काळ्या रानावर येगळं ऊन पडतंय व्हय?"

तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "सोलर म्हणजे सूर्याचं, काका. आम्हाला तुमची जमीन नकोच आहे. आम्ही फक्त ऊन वापरतो."

"मग ऊन घिऊन जावा. जमीन ऱ्हाऊ द्या हितंच."

बैठका झाल्या, मी तीन वेळा उठून गेलो, दोन वेळा त्यानं चहा पाजून परत बसवलं. वर्षाच्या भाड्याचा भाव मिळवला. दरसाल त्यात वाढ मिळवली. सावली चालत नाही म्हणून बोरीचं झाड तोडायचं होतं, तर त्याचं लाकूड माझं. खड्डे खणून निघेल तो मुरूम माझा. काचा धुवायला लागणारं पाणी माझ्याच बोअरचं. आणि शेवटी, कागदावर सही करायच्या आधी पेन हातात धरून मी थांबलो. धाकट्या भावाला तिथं गार्ड म्हणून घ्यायचं.

"ते काय करतात?" साहेबानं विचारलं.

"दिवस उगवल्यापासनं बुडूस्तवर नुसता बसून ऱ्हातुया. तुमाला असाच माणूस लागतुय न्हवं?"

त्यालाही तसाच लागत होता. भावाला निळे कपडे मिळाले, पिवळी टोपी मिळाली, शिट्टी मिळाली. त्या दिवशी मी घरी आलो तो गुलाल उधळून घ्यायच्या बेतात होतो. बायको ज्वारी पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "येळवसेचं बोललात का?"

"ते काय बोलायचं असतंय?"

"बोलला न्हाय व्हय?"

"अगं, कुणी बैल इकताना दाव्याचं बोलतंय का?"

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. सौदा होतो, पैसे मोजले जातात, आणि विकणारा गळ्यातलं दावं सोडून घरी घेऊन जातो. घेणारा आपलं दावं घेऊनच आलेला असतो. याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. उघडलं तर समोरच्याला वाटतं, आपल्याला एवढंही कळत नाही असं हा समजतो. येळवस तशीच. स्वतःच्या रानात येळवस करू द्या, असं मी त्या साहेबाला म्हणायचं? उद्या म्हणाल श्वास घेऊ द्या असंही लिहून घ्यायला पाहिजे होतं.

बायको सुपात बघत म्हणाली, "टावेलानं त्वांड पुसणाऱ्याला दाव्याचं काय म्हाईत?"

ते मला तेव्हा लागलं. अजून लागतं.

काचा बसल्या. माळ असा चकाकायला लागला की हायवेवरून बघणाऱ्याला तळं वाटावं. बोरीचं झाड गेलं. पण पाच दगड राहिले. मशीन चालवणारा आपल्याच भागातला होता. दगडांवर चुना बघून त्यानं मशीन वळवून घेतलं, आणि पांडव दोन ओळींच्या मधे, एका काचेच्या खाली तसेच बसून राहिले. आम्ही दरसाल कडब्याची कोप करायचो, कंपनीनं त्यांना कायमचं छप्पर दिलं. भोवती जाळी, जाळीला फाटक, फाटकावर आमचा धाकटा.

येळवस आली. बायको अंधारात उठून चुलीपाशी बसली होती. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे दाणे, पाला, भाज्या, सगळं एकत्र शिजून त्याचा वास गल्लीत गेला. आंबिलीचं मडकं चुन्यानं आणि कावेनं रंगवलेलं होतं. हे मडकं घरच्या कर्त्यानं डोक्यावर न्यायचं असतं, डोक्यावर घोंगडं घेऊन, आणि पांडवांपाशी पोचेपर्यंत खाली टेकवायचं नसतं. मी ते घेतलं. बायकोनं जेवणाची पाटी घेतली. वाटेत ज्यांनी ज्यांनी "कुणाच्या रानात?" असं विचारलं त्यांना मी ठणकावून सांगितलं, "आपल्या."

फाटकाशी भाऊ उभा होता. निळे कपडे, टोपी सरळ. येळवसेचा दिवस असून अंघोळ करून वेळेवर हजर. आयुष्यात पहिल्यांदा.

"फाटक काढ," मी म्हणालो.

"अण्णा, पास?"

"कसला पास?"

"आत जायाचा. पास नसंल तर सोडू नकू म्हणलंय साह्यबानं."

"तुला हितं हुबा कुणी केला?"

"तुमीच."

"मग?"

"म्हणून तर नीट हुबा हाय. तुमीच म्हणला हुता, ही नोकरी घालीवलीस तर तंगडं मोडीन."

मी म्हणालो होतो. पण कुठल्या गोष्टी लक्षात ठेवायच्या हे त्याला कधी कळलं आहे?

"रान कुणाचं हाय?"

"तुमचं."

"मग काढ की फाटक."

"तुमचं हाय, पर दिलंया न्हवं. पोरीच्या घरी जाताना कसं, इचारून जावं लागतंय."

इतर कुठलाही दिवस असता तर मी त्या फाटकावर चढलो असतो. पण डोक्यावर मडकं असताना माणसाला भांडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही हात मडक्याला. बोट दाखवता येत नाही. मान हलवली की आंबील कानावर येते. रागानं पुढं झुकावं तर घोंगडं डोळ्यांवर. मी सरळ समोर बघत, लग्नातल्या करवलीसारखा ताठ उभा राहून आईवरून शिव्या देत होतो, आणि आई आम्हा दोघांची एकच असल्यामुळं त्या त्याला लागत नव्हत्या.

"साह्यबाला फोन लाव," मी म्हणालो.

त्यानं लावला. साहेब सोलापूरला होता. फोन मोठ्यानं बोलायचा केला होता, त्यामुळं मी सगळं ऐकलं. बाहेरचं माणूस नाही, आग नाही, खाणंपिणं नाही.

"साह्यब, अण्णा हायत. मालक हायत," भाऊ म्हणाला. तेवढं तरी म्हणाला.

"मालक असू दे. बाहेरचं माणूस म्हणजे बाहेरचं माणूस."

फोन बंद झाला. मी बाहेरचं माणूस झालो. ज्या माळासाठी मी बाजारोबाजार हिंडून तळपाय फोडून घेतले, त्याच्या फाटकावर, माझ्याच भावाच्या हातातल्या फोनमधून मी बाहेरचं माणूस झालो. शेजारच्या रानांतून पूजेच्या आरोळ्या ऐकू यायला लागल्या होत्या. एका शेजाऱ्यानं तर लांबून हाक मारली, "अवो, या की आमच्यात जेवाया!" ज्याला रान नाही त्याला मारतात तशी हाक. ती ऐकून माझ्या डोक्यावरची आंबील आपोआप आंबली असेल.

बायको इतका वेळ मागं उभी होती. ती पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, बाहीरचं माणूस नकू, असंच म्हणलं न्हवं साह्यब?"

"व्हय वैनी."

"तुमी तर आतलं."

भाऊ तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं, मग मडक्याकडं. मी "न्हाय" म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. पण त्यानं टोपी काढून जाळीला अडकवली, बूट काढले, फाटक उघडून बाहेर आला, माझ्या डोक्यावरचं मडकं घोंगड्यासकट उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. माझे हात तसेच वर राहिले. मडकं नव्हतं, आता भांडता आलं असतं. पण ज्याच्या डोक्यावर येळवसेचं मडकं आहे त्याला हात लावायचा नसतो. फाटक माझ्या तोंडावर बंद झालं.

पुढचं सगळं मी माझ्याच रानाच्या जाळीबाहेरून बघितलं. बायको तारेला तोंड लावून सांगत होती आणि तो करत होता.

"आदी चुना लावा. मोट्या दगडाला आदी. धर्मराज हाय त्यो."

"मोटा कंचा वैनी? दोन सारखंच दिसत्यात."

"डावीकडचा. अवो, तुमच्या डावीकडचा न्हवं, माज्या!"

ज्यानं जन्मात देवापुढं उदबत्ती लावली नाही, तो निळ्या कपड्यांत काचेखाली वाकून पांडवांना हळद लावत होता. उंडा ठेवताना डोकं काचेला आपटलं. एकदा त्यानं अर्जुनाचा निवद भीमाला ठेवला. बायकोनं तो परत उचलायला लावला. पलीकडं खांबावरचा कॅमेरा हे सगळं टिपत होता. कंपनीकडं आमच्या येळवसेचं चित्रण आहे, आमच्याकडं नाही.

पूजा झाली. आता रानाभोवती फिरायचं. एकानं पुढं आंबील शिंपडत जायचं आणि ओरडायचं, मागच्यानं साथ द्यायची. तो निघाला.

"वलगे वलगे!" त्यानं आरोळी ठोकली. मागं कुणी नव्हतं. तो थांबला आणि जाळीकडं बघून ओरडला, "अण्णा, मागचं म्हणा की!"

मी तोंड घट्ट मिटलं.

"अण्णा, अर्धंच ऱ्हाईल वो!"

अर्धवट राहिलेल्या गोष्टी मला चालत नाहीत, सौदा असो की आरोळी. "सालम पलगे!" मी ओरडलो. तो आतून चालला, मी बाहेरून. मध्ये जाळी. त्याच्या पायाखाली कंपनीनं सपाट केलेली जमीन, माझ्या पायाखाली काटे आणि सराटे. पळसाच्या पानानं तो आंबील शिंपडत होता, आणि रान काचेनं झाकलेलं असल्यामुळं निम्मी आंबील काचांवर पडत होती. मी बाहेरून सांगत होतो, "खाली टाक, खाली! रानाला पायजे, काचंला न्हवं!" तो म्हणाला, "रान दिसंना अण्णा, हुडकून टाकू व्हय?"

फाटकाबाहेरच्या पट्टीवर घोंगडं अंथरून आम्ही जेवायला बसलो. भाऊ आतल्या बाजूला, जाळीला टेकून. ताट फाटकाखालून सरकवलं. तेवढ्यात साहेबाची गाडी आली. कॅमेऱ्यात काय दिसलं ते त्याला कुणीतरी कळवलं होतं. तो उतरला तो सरळ काचांकडं गेला.

"हे पांढरे डाग कसले?"

भावानं घास गिळला. "पाखरं, साह्यब."

"एवढे मोठे डाग?"

"येळवसंला मोटी पाखरं येत्यात."

साहेबानं मला बघितलं, बायकोला बघितलं, मडक्याला बघितलं. तो काही बोलायच्या आत बायकोनं पत्रावळ मांडली. "बसा साह्यब. आज वाटंनं जाणाऱ्याला तसं सोडत न्हाईत."

तो उभ्याउभ्या नाही म्हणाला, मग बसून नाही म्हणाला, मग भज्जी दोन वेळा घेतली. आंबील त्याला फार आवडली. ज्या गोष्टीचे डाग चालत नाहीत ती गोष्ट तो वाट्या वाट्या पीत होता. पोट भरल्यावर सौदा करावा हा बाजाराचा नियम आहे, म्हणून मी थांबलो होतो.

"साह्यब, दरसाल एक दिवस मला आत सोडायचं."

"काका, हे तेव्हाच बोलायला हवं होतं."

"बैल इकताना दावं मागावं लागतंय का?"

तो हळूच म्हणाला, "आमच्याकडंही दावं देत नाहीत. बाबा घरी आणून खुंटीला टांगायचे."

मला वाटलं, झालं. माणूस टॉवेलखाली आला.

"पण माझ्या हातात नाही, काका," तो म्हणाला. "वर विचारावं लागेल."

"वर म्हंजी कुठं? सूर्याला?"

भाऊ जाळीपलीकडून हसला. साहेबही हसला. मी हसलो नव्हतो, मी विचारत होतो. वर विचारून झालं आहे, असं साहेब अजून सांगतो. वरून उत्तर आलेलं नाही. दिवस अजून उगवतो मात्र रोज.

साहेब गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "काय उपेग? माज्या हातानं झालं का?"

"रानाला आंबील मिळाली न्हवं?" ती मडकं धूत म्हणाली. "कुणाच्या हातानं, ते रान इचारत न्हाय."

रान विचारत नसेल. मी विचारतो. माझ्या पैशाचं रान, माझ्या घरची आंबील, माझ्या बायकोनं मांडलेले पांडव, आणि मान कुणाला? ज्याला मी सोलरवर चालणारा म्हणालो त्याला. गावात त्या संध्याकाळीच सुरू झालं: थोरल्याचं रान, धाकट्याची येळवस.

दिवस बुडताना हेंडगा फिरवतात. कडब्याची पेंडी पेटवून रानाभोवती पळायचं. आत आग चालत नव्हती, मी बाहेरून पळालो. जाळीभोवतीचा तो फेरा बैलालाही धाप लागेल असा आहे. निम्म्यात आलो तर मागून कुणीतरी पळत आलं आणि माझ्या हातातली पेंडी घेतली. भाऊ. दिवस बुडाला की सोलर बंद होतं आणि त्याची ड्युटी संपते. उरलेला फेरा आम्ही दोघांनी मिळून पुरा केला. पेंडी विझवून फाटकाजवळ बसलो. दोघंही धापा टाकत होतो.

मी म्हणालो, "कपड्याचं दोन जोड हायत न्हवं तुला?"

"हायत."

"टोप्या?"

"त्याबी दोन."

"फुडच्या येळवसंला एक जोड मला दे. गार्ड म्हणून आत येतो. तुजा साह्यब टोपी बगतो, त्वांड न्हाय."

त्यानं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढं केला.

ज्याला बैलाचे दात मोजता येत नाहीत, त्यानं. मी हात आत घातला. बोट दाबायची वाट बघत होतो. त्यानं एकही बोट दाबलं नाही, अख्खा पंजा धरून ठेवला आणि म्हणाला, "कपडं घ्या, टोपी घ्या, शिट्टीबी घ्या. पर मडकं माज्या डोक्यावर. दरसाल."

"मडकं कर्त्यानं घ्यायचं असतंय."

"तुमी गार्ड असणार की. गार्डनं फाटक राखायचं असतंय."

मी हात सोडवून घेतला आणि घरी आलो. असा सौदा मी करणार नाही. तेव्हापासून जिथं भेटेल तिथं मी भाव पाडून बघतो. जायला मडकं तू घे, फेऱ्याला मी. न्हाय. निम्म्या वाटेपर्यंत तू, पांडवांपाशी मी. न्हाय अण्णा. आभाळ आलं की आडवा होणारा माणूस इतका घट्ट कुणाकडून शिकला, हे मला कुणी विचारू नये. मी शेवटपर्यंत ताणणार आहे. मडकं मी सोडणार नाही.

काल घरी आलो तर बायको उजेडाला बसून निळी पँट उसवत होती. भावाची कंबर बारीक आहे. ती माझ्या मापाची करून ठेवत होती.